कॅप्टनने आज पेटवलीच नाही

सेंट जॉन्स, ४ मे १९९८

प्रिय हेडली,

तू हातातले पाने-पेचकस खाली ठेवून ट्विलिंगेटला जाऊन बसलास आणि इकडे माझे ग्रह फिरले. सांगतो. पण आधी एक अट, उत्तर घरी पाठवू नकोस, कंपनीच्या पत्त्यावर पाठव. कारण अर्थातच युना. तिची बहीण फुप्फुसाच्या दुखण्याने गेली, तेव्हा मी तिचा हात हातात घेऊन सिगरेट सोडली, ते तुझ्यासमोरच. तीन वर्षं होतील. घरात सोडली, गाडीत सोडली, चर्चच्या आवारातही सोडली. राहता राहिली एकच जागा, आपलं कॉकपिट. दाराला आतून कडी, खाली ढग, विचारणारं कुणी नाही.

आता तू म्हणशील, नियम. नियमाची पाटी माझ्या डोक्यावरच आहे, लाल अक्षरांत. पण कॅप्टन झाल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत एकाही सहवैमानिकाने त्यावर तोंड उघडलं नाही. उलट निम्म्यांनी माझ्याच पाकिटातल्या ओढल्या. गूज बेच्या वाटेवर एक, परतताना एक, थोटूक कॉफीच्या कपात. कुणाचं काय बिघडतंय?

तर आता माझ्या उजव्या हाताला एक पोरगी बसवलीय. सोलांज टर्डिफ. क्वेबेकची, वय एकोणतीस, उंची माझ्या खांद्याएवढी. विमान उत्तम उडवते, त्यात खोट काढता येत नाही याचाच राग येतो. पहिल्या दिवशी मी पेटवली, तर तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि खिशातून एक निळी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. मी बोलतो, ती लिहिते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आणि ही बया माझी कुंडली मांडतेय!

काय करू सांग. वही चोरू?

तुझा,
एल्डन


ट्विलिंगेट, १३ मे

अरे एल्डन,

वही चोरू म्हणतोस! अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास. चार सोनेरी पट्ट्या बाहीवर लावून पोरीची वही चोरताना सापडलास, तर युनाला काय सांगशील?

इकडे बंदराच्या तोंडाशी चर्चएवढा हिमनग येऊन अडकलाय. पर्यटक फोटो काढतायत आणि मी घराचं छप्पर रंगवतोय. पाठ दुखते, पण विमानाच्या पोटात उताणं झोपून काम करण्यापेक्षा बरं.

'कुणाचं काय बिघडतंय' असं विचारलंस म्हणून सांगतो. तुम्ही वैमानिक समजता की कॉकपिटचा धूर कॉकपिटमध्ये राहतो. विमानातली हवा पुढून मागे वाहते, लेका. ती बाहेर सोडणारी झडप शेपटीकडे असते. म्हणजे तू पुढे पेटवलीस की वास जाऊन बसतो शेवटच्या रांगेत, हवाईसेविकेच्या, म्हणजे मेल्विनाच्या खुर्चीपाशी. तिने तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण ती मेल्विना आहे. बावीस वर्षं तुझ्याबरोबर उडतेय, प्रवाशांनी विचारलं तर म्हणते, "हीटर जुना आहे हो, तापला की असाच वास मारतो." मी स्वतः ऐकलंय.

पोरीला सरळ विचार ना, काय लिहितेस म्हणून. फार तर ती सांगेल.

हेडली


सेंट जॉन्स, २६ मे

प्रिय हेडली,

विचारलं! हसू नकोस.

डियर लेकला धुक्यात दोन तास अडकून पडलो होतो. मी म्हटलं, "बाई, एकदाचं काय ते कंपनीला कळवून टाका, रोज रोज माझ्यासमोर लिहू नका." ती गोंधळली. मग तिने वही माझ्या हातात दिली. हेडली, त्यात माझे शब्द होते! मी धुक्याला, टॉवरवाल्याला, वाऱ्याला, कंपनीच्या मालकाला जे जे काही म्हणतो, ते सगळं ओळीने उतरवलेलं, शेजारी फ्रेंचमध्ये अर्थ. काहींपुढे प्रश्नचिन्ह. म्हणाली, "कॅप्टन, तुमची न्यूफाउंडलंडची बोली मला निम्मी कळत नाही. आणीबाणीत कळलीच पाहिजे ना, म्हणून लिहून ठेवते." मालकाला मी दिलेल्या एका शिवीचा अर्थ तिने 'आदरणीय' असा लावला होता. मी तो तसाच राहू दिला.

तेव्हापासून आमचं बरं जमलं. एवढं बरं, की तिला आता बोलायला भीड वाटेनाशी झालीय. परवा मी गूज बेच्या वाटेवर पाकीट काढलं. तिने शांतपणे बाजूचा ऑक्सिजनचा मास्क काढून तोंडाला लावला आणि त्यातून घुमल्यासारखा आवाज आला, "कॅप्टन, शुद्ध प्राणवायू आणि पेटती सिगरेट एका खोलीत असू नये, असं पुस्तकात लिहिलंय. मी मास्क लावलाय. आता तुम्ही ठरवा."

मी पाकीट खिशात घातलं. पाच मिनिटांनी पुन्हा काढलं. मास्क पुन्हा वर! असं तीनदा झालं. शेवटी मला हसू आवरेना. तिच्याबरोबरच्या चार फेऱ्या कोरड्या गेल्या. मेल्विना सध्या रजेवर आहे, बहिणीकडे गेलीय, नाहीतर तिला हे नाटक दाखवलं असतं.

ती झडपेची गोष्ट तू उगाच तिखटमीठ लावून सांगितलीस, असं आपलं मला वाटतं.

एल्डन


ट्विलिंगेट, ३ जून

एल्डन,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. (नावं गाळून.) मास्कच्या जागी सगळे इतके हसले, की दुकानवालीने मला बेकअ‍ॅपल बेरीच्या जॅमची बाटली फुकट दिली. त्या पोरीला माझा नमस्कार सांग. आमच्या वेळी असं डोकं कुणाकडे नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

हेडली


सेंट जॉन्स, १५ जून

प्रिय हेडली,

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलंय. फोटोत माझं पोट जरा मोठं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मंगळवारी, ९ तारखेला, डियर लेकहून गूज बेला निघालो होतो. एकतीस प्रवासी. मागच्या स्वच्छतागृहातल्या पाणी तापवायच्या यंत्राची तार भिंतीच्या आत जळाली. धूर झाला. मेल्विनाने आम्हाला कळवलं, आम्ही मास्क चढवले, विमान सेंट अँथनीला वळवलं. ढग जमिनीला टेकलेले. सोलांज आकडे वाचत होती, मी उतरवत होतो. धावपट्टी दिसली तेव्हा हातभर अंतरावर होती म्हण. सगळे पायांनी चालत बाहेर पडले. एका बाईला धुराने खोकला झाला, तो संध्याकाळपर्यंत थांबला. मेल्विनाने भिंतीची फळी उपसून आत फवारा मारला, त्यात तिचा उजवा तळहात भाजला. बिचारी.

पेपरवाल्याने मला 'थंड डोक्याचा कॅप्टन' म्हटलंय. युनाने कात्रण फ्रिजवर लावलंय. मालकाने फोन करून अभिनंदन केलं.

मेल्विनाची थोडी चौकशी चालू आहे. वास आल्यापासून कळवायला तिला अकरा मिनिटं लागली म्हणे. सुटेल ती. तूर्त घरी बसवलंय.

जुलैत येतो तुझ्याकडे, बोटीतून फिरू.

एल्डन


ट्विलिंगेट, २४ जून

एल्डन,

अभिनंदन. धुक्यात सेंट अँथनीला उतरवणं खायचं काम नाही, ते मला कळतं.

पण कात्रण मी तीनदा वाचलं. त्यात तुझ्या फोटोखाली शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारबाईचं म्हणणं आहे. हेस्टर बेकी, नॉर्थ वेस्ट रिव्हरच्या. त्या म्हणतात, "मी त्या बाईला सांगितलं की जळतंय, तर ती म्हणाली, हीटर आहे, बसा."

मेल्विना कीपिंगच्या नाकाला मी ओळखतो. एकदा तिने माझ्या डब्यातली मूसच्या मांसाची भाजी आंबलीय हे दारातूनच सांगितलं होतं. तिला जळकी तार अकरा मिनिटं कळली नाही?

मी काय विचारतोय ते तुला समजतंय. उत्तर लिही.

हेडली


सेंट जॉन्स, ९ जुलै

प्रिय हेडली,

माझ्याकडून तुला पत्र आलं की तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, एल्डनची तब्येत ठीक आहे. म्हणजे दिसायला ठीक. पण त्याने ते कात्रण फ्रिजवरून काढलं. मी पुन्हा लावलं, त्याने पुन्हा काढलं. जेवणात लक्ष नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, तर हा भजन संपायच्या आत उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तुझी पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर येतात, हे मला ठाऊक आहे. का येतात तेही. तीन वर्षं त्याचे शर्ट कोण धुतं? मी बोलले नाही. मला वाटलं, दिवसाला दोनवर आलाय, आपण टोकलं तर घरात भांडण होईल आणि बाहेर चार ओढेल. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

त्याचं काही लपलंय ते तुला माहीत असेल, तर त्याला सांग की ते बाहेर काढ. मला सांगायची गरज नाही. आणि मी लिहिलं हे त्याला सांगू नकोस.

युना


ट्विलिंगेट, १४ जुलै

एल्डन,

तू लिहीत नाहीस, म्हणून मीच लिहितो. आधी माझं.

त्या विमानाची मागची झडप मी नऊ वर्षं साफ केली. दर वेळी तपकिरी, चिकट डांबर निघायचं. कुठून येतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रवासी ओढत नाहीत, ढगांना खोकला होत नाही. दर वेळी मी वहीत लिहिलं, 'झडप साफ केली.' कशाने माखली होती ते एकदाही लिहिलं नाही. का? तू माझा मित्र, तुझ्या मुलीच्या लग्नात मी नाचलोय, आणि एका सिगरेटसाठी कोण कुणाचं पोट मारतो. मी चांगुलपणा करत होतो. तसाच चांगुलपणा मेल्विनाने केला. तसाच युनाने. हो, युनाला सगळं ठाऊक आहे, तीन वर्षांपासून. तिने सांगू नकोस म्हटलं होतं, पण आता काही लपवायचं नाही, असं मी ठरवलंय. आपण सगळे इतके चांगले वागलो, की शेवटच्या रांगेत आग लागली तरी बाईला वाटलं, एल्डनने पेटवली असेल.

हेच झालं ना? मी तिथे नव्हतो, पण हेच झालं.

झडपेचं सगळं लिहून चौकशी अधिकाऱ्याला आजच पाठवलं. माझ्या नावावर. तुझं नाव घातलेलं नाही. ते तुझ्या हाताने घाल.

हेडली


सेंट जॉन्स, ३० जुलै

प्रिय हेडली,

हेच झालं.

मेल्विना त्या दिवशी तीन आठवड्यांच्या रजेनंतर पहिल्यांदा आली होती. मास्कचं नाटक तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगणार होतो, पण प्रवासी चढायला लागले. आकाशात गेल्यावर तिला वास आला. तिने खिडकीपाशी कॉफीच्या बिया ठेवल्या, वास दबावा म्हणून. आठ वर्षं ठेवतेय, मला पत्ता नव्हता. हेस्टरबाईंना सांगितलं, हीटर आहे. वास वाढला तशी चिडली. शेवटी फोन उचलून मला म्हणाली, "एल्डन, आज किती ओढतोयस रे? मागे डोळे चुरचुरतायत."

मी काही बोलायच्या आत सोलांज म्हणाली, "कॅप्टनने आज पेटवलीच नाही."

हेडली, मी पस्तीस वर्षं उडवतोय. इंजिन बंद पडलेलं पाहिलंय, पंखावर बर्फ पाहिलाय. पण एवढी भीती कधी वाटली नव्हती. मग मेल्विना फक्त "देवा रे" म्हणाली आणि फोन सोडून धावली.

चौकशीत तिने माझं नाव घेतलं नाही. "मला हीटरचा वास वाटला," एवढंच म्हणाली. कॉकपिटच्या टेपवर शेवटचा अर्धा तासच उरतो, त्यात नुसती मास्कमधली खरखर. सोलांजला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, तू काय सांगणार? ती म्हणाली, "मला अजून तो प्रश्न विचारलेला नाही, कॅप्टन. विचारला की सांगणार. पण तुम्ही आधी सांगितलंत तर मला तुमच्याबरोबर शिकल्याचं वाईट वाटणार नाही." आणि मी, थंड डोक्याचा कॅप्टन, तरीही पाच आठवडे गप्प राहिलो.

तुझं पत्र खिशात घालून घरी गेलो. युना वाटाण्याचं सूप ढवळत होती. म्हटलं, "युना, मी सिगरेट सोडलेली नाही." ती म्हणाली, "मीठ दे." मी मीठ दिलं. मग म्हणाली, "एवढंच सांगायचं असेल तर बस जेवायला. आणखी काही असेल तर उभ्याउभ्या सांग." मी उभ्याउभ्या सांगितलं. सूप करपलं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यापुढे सगळं सांगितलं. मेल्विनाला सोमवारपासून पुन्हा कामावर घेतलंय, पगारासकट. माझा परवाना सहा महिने काढून घेतला, आणि सहा महिन्यांनी कंपनी मला परत घेणार नाही हे मालकाने फोनवर कळवलं. या वेळी अभिनंदन नाही केलं. शेवटच्या उड्डाणाला पाण्याचे फवारे, केक, नातवंडं, असं काय काय डोक्यात होतं. ते राहिलं. नऊ जूनला धुक्यात उतरवलं तेच शेवटचं.

रडत नाहीये. नुसतं सांगतोय.

एल्डन


ट्विलिंगेट, ७ ऑगस्ट

एल्डन,

मलाही पत्र आलं. वहीत खरं न लिहिल्याबद्दल कडक शब्द. निवृत्त माणसाला आणखी काय करणार? दोनदा वाचलं आणि चुलीत न टाकता भिंतीला लावलं.

अधिकाऱ्यापुढे बोललास ते चांगलं केलंस. मेल्विनाच्या दारात गेलास का?

हेडली


हॅपी व्हॅली, २२ ऑगस्ट

प्रिय हेडली,

गेलो होतो. युनाने केलेला केक घेऊन. मेल्विनाने दार डाव्या हाताने उघडलं. मी पाठ केलेलं बोलायला लागलो, तर म्हणाली, "थांब. तू खरं बोललास म्हणून मी आभार मानू? पाच आठवडे लावलेस, एल्डन. माझी आई शेजाऱ्यांना तोंड दाखवेना." मी म्हटलं, तुझे आभार नकोत, तुझी माफी हवीय. तिने केककडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं मी बघून घेईन. पण त्या शेवटच्या रांगेतल्या बाईला मी तुझ्यापायी खोटं सांगितलं. मी तिला पत्र पाठवलं, उत्तर नाही आलं. तू जा तिच्याकडे." आणि दार लावलं. केक मात्र आत ठेवून घेतला.

म्हणून तिकीट काढून इकडे गूज बेला आलो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या रांगेत बसलो. पाय लांब करता येत नाहीत, आणि कानाशी नुसती घरघर. मेल्विनाचीच फेरी होती. मला कॉफी दिली, बाकीच्यांना दिली तशीच, "साखर हवी का, सर?" म्हणून. सर!

नॉर्थ वेस्ट रिव्हरला हेस्टर बेकी एकटी राहते. वय ऐंशीच्या वर, नदीकाठी हिरवं घर, दाराशी वाळत घातलेले मासे. मी टोपी काढून अंगणातच सगळं सांगून टाकलं. वास कुणाचा समजला गेला, का समजला गेला, त्या बाईने का खोटं सांगितलं. ती मासे उलटे करत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्या पोरीची चूक नव्हती?"

म्हटलं, "नाही."

"मी पेपरवाल्यापाशी बोलले आणि तिची नोकरी गेली, असं ऐकलं. तिचं पत्र आलंय. मी फोडलंच नाही. वाटलं, शिव्या असतील."

"शिव्या माझ्या वाट्याच्या आहेत," मी म्हटलं.

तिने त्या दिल्या. तिच्या बोलीत, सावकाश, एकही न विसरता. सोलांज असती तर वहीची चार पानं भरली असती. मग घरात नेऊन चहा दिला, आणि मेल्विनाचं पत्र माझ्याकडून फोडून वाचून घेतलं, कारण चष्मा सापडेना.

निघताना मी विचारलं, माझ्याने होण्यासारखं काही आहे का? तर ती जरा घुटमळली. तिच्या धाकट्या लेकीला सेंट जॉन्सला जूनच्या अखेरीस मुलगी झाली. अकरावं नातवंड. बाळंतपणाआधी लेकीला भेटून ती परतत होती, तेव्हाच हे झालं. तेव्हापासून तिने विमानाचं नाव काढलं नाही. लेकीला सांगते, गुडघे दुखतात. "गुडघे ठणठणीत आहेत," मला म्हणाली. "पण आत बसलं की मला जळतंय असं वाटेल, आणि कुणी ऐकणार नाही."

मी म्हटलं, "मी शेजारी बसतो. तुम्हाला वास आला की मी उठून ओरडेन. वास असो वा नसो."

तिने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आवाज मोठा आहे का तुझा?"

"मालकाला विचारा," मी म्हटलं.

बुधवारच्या सकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढलीत. तिने बाळासाठी सीलच्या कातड्याचे जोडे शिवलेत, ते ती पिशवीत न ठेवता हातात धरून बसणार आहे. युनाला फोन करून खोली तयार ठेवायला सांगितलंय. खिडकीशी बसायचं की वाटेशी, ते हेस्टरबाई ठरवतील.

एल्डन